खळ्याची मोजणी

सॅमसन अष्टमकर गच्चीवर गेले होते ते पाण्याची टाकी भरली की नाही ते बघायला. झाकण उचलून त्यांनी आत डोकावलं, तर पाण्यात सूर्य होता आणि सूर्याभोवती एक गोल. आधी त्यांना वाटलं, टाकीच्या काठाचं प्रतिबिंब असेल. मग वाटलं, चष्म्यावर काही आलं असेल. चष्मा सदऱ्याला पुसून पुन्हा पाहिलं, तरी गोल तिथंच. मग त्यांनी हात उंचावून सूर्य झाकला आणि वर पाहिलं. सूर्यापासून बरोबर वीतभर अंतरावर, आतल्या अंगाने तांबूस आणि बाहेर पांढुरकं होत गेलेलं, एक अखंड वर्तुळ आभाळात उमटलं होतं. टाकी भरून वाहायला लागली, पाणी जिन्यावरून खालच्या मजल्यांवर उतरलं, सोसायटीचा सेक्रेटरी प्रविण पायपुसणं हातात घेऊन वर आला, तरी अष्टमकर मान वर करूनच उभे.

अष्टमकर भूकरमापक म्हणून निवृत्त झाले होते. उभा जन्म त्यांनी पेण, रोहा आणि आजूबाजूच्या गावांतल्या जमिनी मोजल्या, पण त्यांनी दाखवलेली एकही हद्द दोन्ही शेजाऱ्यांनी एकाच वेळी मान्य केल्याचं त्यांना आठवत नव्हतं. एकाला पटली की दुसरा हरकत घ्यायचा, आणि दोघांना पटली तर तिसरा भाऊ मुंबईहून यायचा. आणि इथे आभाळात अशी हद्द होती की जिचा दगड कुणी हलवला नव्हता आणि जिच्यावर कुणाचा दावा नव्हता. निवृत्त माणसाला असं काही दिसलं की त्याचं पुढचं आयुष्य वाया जायला वेळ लागत नाही.

घरी येऊन त्यांनी साराला सांगितलं. सारा म्हणजे त्यांची पत्नी. तिने डाळ निवडता निवडता ऐकून घेतलं आणि म्हणाली की खळं पडलं म्हणजे पाऊस येणार, तेव्हा गच्चीवर गेलाच होतात तर कपडे काढून आणायचे होते. अष्टमकरांनी तिला समजावलं की फार उंचावर पातळ ढग असतात, त्यांत बर्फाचे बारीक स्फटिक असतात, त्यांतून ऊन वाकतं आणि खळं दिसतं. साराने हात थांबवला. वैशाखात, रोह्यात, बर्फ, असं तिने एकेक शब्द सुटा करून विचारलं, आणि पुन्हा डाळ निवडायला घेतली. शेजारच्या शांतीबाईंची वेगळीच गत झाली. त्यांचं माहेर आतल्या गावातलं, भातशेतीचं. "आता कुनाचं खळं मोजताव काका? मळनीला अजून लय टाइम हाय," असं त्यांनी काळजीने विचारलं. आभाळातलं खळं, असं अष्टमकरांनी सांगितल्यावर त्यांची काळजी कमी न होता वाढली.

पेणला दिनानाथ नावाचे एक औषधविक्रेते होते. दुकान सांभाळून ते आकाश बघणाऱ्यांचा एक गट चालवत. अष्टमकरांनी मोबाइलवर काढलेला फोटो त्यांना पाठवला. दिनानाथांचं उत्तर सभ्य होतं. फोटो छान आहे, पण नुसता उजेड दिसतो. सूर्य कशाने तरी झाकून फोटो घ्यावा, म्हणजे भोवतालचं दिसेल आणि डोळेही शाबूत राहतील. दुसऱ्या वेळी खळं पडलं तेव्हा अष्टमकरांनी सूर्यावर अंगठा धरून फोटो काढला. त्यावर दिनानाथांनी कळवलं की अंगठा फार स्पष्ट आला आहे.

हे अष्टमकरांना लागलं. सरकारी कामात ज्याला सही येत नाही त्याचा अंगठा घेतात. हजारो नकाशांवर ज्याने सही केली, त्याचा अंगठा आता पेणमध्ये पंधरावीस लोकांनी पाहिला होता. पण त्याच निरोपात दिनानाथांनी लिहिलं होतं की नागोठण्याच्या पुढे आपल्या गटाचं कुणीच नाही, तुम्ही नीट फोटो दिलेत तर रोह्याचे निरीक्षक म्हणून तुमचं नाव घालू. 'रोह्याचे निरीक्षक' हे शब्द अष्टमकरांनी साराला वाचून दाखवले. तिने विचारलं, म्हणजे काय करायचं? ते म्हणाले, बघायचं. ती म्हणाली, ते तर तुम्ही करताच.

सूर्य झाकायला काय वापरावं यावर इमारतीत सल्ल्यांना तोटा नव्हता. प्रविण एका कंपनीत शिफ्टमध्ये काम करायचा. त्याने हेल्मेट सुचवलं. शांतीबाईंनी तवा सुचवला, आणि वर तवा काळा असल्याने नजरही लागणार नाही असं सांगितलं. अष्टमकरांनी केरसुणीच्या दांड्याला साराचा घावनांचा तवा बांधून पाहिला. तवा सुटला आणि प्रविणच्या स्कूटरच्या सीटवर पडला. माणसावर पडला असता तर, हे वाक्य प्रविणने त्या आठवड्यात जो भेटेल त्याला ऐकवलं. तेव्हा अष्टमकरांनी ठरवलं की वस्तू हलकी हवी, बरोबर गोल हवी आणि नीट बांधता येण्याजोगी हवी. अशी वस्तू त्यांना एकाच ठिकाणी मिळण्यासारखी होती.

हमरापूरला मोरू नावाचा मूर्तिकार त्यांच्या ओळखीचा होता. त्याच्या घराची मोजणी अष्टमकरांनी केली होती आणि तीत मोरूची जागा कमी भरली होती, तरी त्याने मैत्री ठेवली होती. अष्टमकर रोह्याहून गाडीने निघाले. खिडकीतून सूर्याच्या डाव्या अंगाला ढगात एक रंगीत ठिपका दिसत होता. तो प्रतिसूर्य, म्हणजे खळ्याच्या कडेला दिसणारा खोटा सूर्य, असावा अशी त्यांना शंका आली, आणि त्या शंकेच्या नादात पेण गेलं, हमरापूर गेलं, आणि ते उतरले ते जित्याला. जित्याच्या फलाटावर उभं राहून त्यांनी नीट पाहिलं, तेव्हा तो ठिपका खिडकीच्या काचेवरचा तेलकट डाग होता असं अनुमान निघालं, कारण गाडीबरोबर तो पुढे गेला होता. परतीच्या गाडीला वेळ होता म्हणून ते रिक्षाने हमरापूरला आले.

मोरूच्या कारखान्यात गणपती ओळीने वाळत होते. अष्टमकरांनी मूर्तीच्या डोक्यामागे लावतात ती प्रभावळ मागितली, मोठी, फायबरची, गोल. मोरूने विचारलं, कुठल्या मूर्तीसाठी? अष्टमकर म्हणाले, सूर्यासाठी.

"सूर्याला प्रभावळ लागते व्हय?"

"त्याला त्याची आहे. ती दिसत नाही म्हणून ही पाहिजे."

मोरूने यावर थोडा विचार केला आणि गेल्या हंगामात उरलेली एक प्रभावळ काढून दिली. कडेने सोनेरी पाकळ्या, मध्ये लाल रंग. अष्टमकरांना साधी पांढरी चालली असती, पण मोरू म्हणाला की साधी नाय, साधी कोण घेतो? परतीच्या गाडीत त्यांना लगेच जागा मिळाली, म्हणजे प्रभावळीला मिळाली आणि तिच्याबरोबर त्यांना. समोरच्या बाईंनी तिला हात जोडले. हातात ती धरून बसलेल्या अष्टमकरांना आपण काय करावं ते समजेना, म्हणून त्यांनी प्रभावळीच्या वतीने मान हलवली.

गच्चीच्या कोपऱ्यात बांबू उभा राहिला, वर प्रभावळ चढली, आणि इथे एक अडचण आली जी कुणीच सांगितली नव्हती. मे महिन्यात कोकणात सूर्य दुपारी थेट डोक्यावर येतो. प्रभावळीची सावली बांबूच्या बुडाशीच पडायची, आणि त्या सावलीत डोळे आणायचे तर बांबूच्या बुडाशी उताणं झोपणं भाग होतं. अष्टमकरांनी चटई टाकली, डोक्याखाली विटेचा तुकडा घेतला, मोबाइल छातीवर धरला आणि खळ्याची वाट बघत पडले. उन्हाने त्यांचा डोळा लागला. शांतीबाई कुरडया उलटायला वर आल्या, त्यांनी गच्चीवर पसरलेले अष्टमकर पाहिले आणि खाली धावत जाऊन सांगितलं की काका गेले.

पुढचं फार लवकर घडलं. त्यांच्या नाकाला कांदा लावण्यात आला. अंगावर बादलीभर पाणी पडलं, त्यातलं निम्मं कुरडयांवर. कुणीतरी डॉक्टरांना आणलं, आणि डॉक्टरांनी नाडी बघून विचारलं की हे इथे का झोपलेत. त्यावर अष्टमकरांनी ओल्या सदऱ्यानिशी उठून बसून बर्फाच्या स्फटिकांबद्दल सांगायला सुरुवात केली, तेव्हा डॉक्टरांनी त्यांच्या डोक्याला हात लावून पाहिला आणि साराला बाजूला घेतलं.

त्या संध्याकाळी सोसायटीची सभा झाली. सभेचं म्हणणं असं पडलं की अष्टमकरकाकांबद्दल सगळ्यांना आदर आहे, पण गच्चीवर बांबू उभा आहे, त्याची परवानगी आहे का? ज्याने आयुष्यभर लोकांना अतिक्रमण म्हणजे काय ते समजावलं, त्याच्याच नावापुढे इतिवृत्तात तो शब्द लिहिला गेला. अष्टमकर रात्री जेवले नाहीत. भूक नाही, असं ते म्हणाले. साराने ताट झाकून ठेवलं.

परवानगी जिथे मिळते त्या कचेरीत एक तरुण कारकून होता, ऋत्विक. मनाने चांगला. अष्टमकरांचं सगळं त्याने शांतपणे ऐकलं आणि संगणकावर त्यांच्या बांबूसाठी जागा शोधायला लागला. मोबाइलचा मनोरा? नाही, यातून काही जात-येत नाही. जाहिरातफलक? यावर काही लिहिलेलं नाही. मग त्याला सुचलं की सूर्याशी संबंध आहे तर सौरऊर्जेत बसवू. पण तिथे किती वीज तयार होते ते विचारत होते. अष्टमकर म्हणाले, यातून वीज होत नाही, हे ऊन अडवतं. ऋत्विक म्हणाला, म्हणजे उलट सौर. उलट सौराला रकाना नव्हता.

शेवटी त्याने मंडपाचा पर्याय काढला. बांबू आहे ना, वर सजावट आहे ना, मग मंडपच झाला. फक्त कारण लिहावं लागतं, आणि यादीत विवाह, मुंज, पूजा, उत्सव एवढंच आहे. अष्टमकर खुर्चीवर सरळ बसले. खोटी नोंद आपण नोकरीत केली नाही, आताही करणार नाही, असं त्यांनी सांगितलं. ऋत्विकने विचारलं की तुम्हाला मुलगी आहे का. आहे, शीरा, इस्राएलला असते, नर्स आहे. लग्न झालंय? नाही. कधीतरी होईल ना? होईल. मग हे खोटं कसं, ऋत्विक म्हणाला, मुदत पुढे वाढवून मिळते. अष्टमकरांनी यावर बराच विचार केला. ही खोटी नोंद नसून आगाऊ नोंद आहे, असं त्यांच्या मनाने घेतलं, आणि 'कन्येचा विवाह' या शब्दांखाली त्यांनी सही केली. सही, अंगठा नव्हे.

परवानगी आली. नियमाप्रमाणे प्रविणने तिची प्रत खाली फलकावर लावली.

साराला आपल्या मुलीच्या लग्नाची बातमी शांतीबाईंकडून कळली. शांतीबाई नारळ आणि साखर घेऊन दारात उभ्या होत्या आणि त्यांना थोडा रागही होता. "शीराचं ठरलं नि मला बोललीस नाय गो? वर मंडपाचं बांधकाम पन चालू," असं त्या म्हणाल्या. साराने नारळ घेतला, त्यांना सरबत दिलं, आणि त्या गेल्यावर फलकापाशी जाऊन कागद वाचून आली. अष्टमकरांना वाटलं की थोडी चिडेल आणि होईल शांत. पण तिने त्यांच्यासमोर ताट ठेवलं, भाकरी वाढली, आणि स्वतः खिडकीपाशी पाठ करून बसली. शीराचं लग्न हा त्या घरात न बोलण्याचा विषय होता. साराने विचारायचं, शीराने फोन ठेवायचा, मग महिनाभर सारा विचारणार नाही, असं गेली कित्येक वर्षं चाललं होतं. गेल्या हनुक्काला, म्हणजे त्यांच्या दिव्यांच्या सणाला, तर शीरा सरळ म्हणाली होती की हा विषय पुन्हा काढलास तर फोनच करणार नाही. आणि साराने तेव्हापासून तो काढला नव्हता.

"तिला कळलं तर?" सारा खिडकीकडे बघतच म्हणाली. "तिचा फोन बंद झाला तर मी काय करू? तुमचं खळं बघत बसू?"

अष्टमकरांना खळं पहिल्यांदाच नकोसं वाटलं. ते उठून प्रविणकडे गेले आणि कागद काढायला लावला. प्रविणने काढलाही. पण तोपर्यंत त्याने सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर अभिनंदन टाकलं होतं, त्याखाली सगळ्या मजल्यांनी हात जोडले होते, आणि त्या गटात, मागे एकदा गळतीच्या तक्रारीसाठी घातलेली, शीरा अजून होती.

संध्याकाळी फोन आला. साराने तो उचलून अष्टमकरांच्या हातात दिला आणि शेजारी उभी राहिली. पडद्यावर शीरा होती, दवाखान्याच्या कपड्यांतच. ती ओरडेल असं दोघांना वाटलं होतं. पण तिने हळू आवाजात विचारलं, "तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कचेरीतून कागद आला," अष्टमकर खरं तेच बोलले.

"कुठल्या कचेरीतून? त्याने तिकडे कागद पाठवले?"

"कुणी?"

"नथानियलने."

घावन उलटताना येतो तसा एक आवाज साराच्या तोंडातून आला. अष्टमकर आयुष्यात एक गोष्ट शिकले होते: समोरचा आपणहून हद्द दाखवत असेल तर मध्ये बोलायचं नाही. शीरा सांगत गेली. नथानियल अश्दोदला बंदरात कामाला होता. त्याचे आजोबा पेणहून गेलेले. दोघांचं जमून दोन वर्षं झाली होती. त्याचं आधी एक लग्न होऊन मोडलं होतं, आणि आई काय म्हणेल या भीतीने ती सांगत नव्हती. हे बोलून झाल्यावर ती थांबली, आणि अष्टमकरांनी फोन साराकडे वळवला, कारण यापुढची मोजणी त्यांच्या अखत्यारीत नव्हती.

साराने डोळे पुसले नाहीत, कारण त्यात वेळ गेला असता. तिने विचारलं, "मराठी येतं का त्याला?"

"भांडण्यापुरतं येतं," शीरा म्हणाली.

"मग पुरे," सारा म्हणाली.

लग्न पेणच्या सिनेगॉगमध्ये करायचं ठरलं, पावसाळा आणि सण संपल्यावर, मंगळवारी. मंगळवार ऐकून शांतीबाई अस्वस्थ झाल्या; मंगळवारी कुणी लग्न करतं का? साराने सांगितलं की आमच्यात मंगळवार चांगला. अष्टमकरांच्या बांबूचं जूनच्या वाऱ्यात जे व्हायचं ते झालं होतं. प्रभावळ उडाली आणि कुंडलिका नदीच्या बाजूला कुठेतरी गेली, आणि प्रविणने सोसायटीतर्फे दुःख व्यक्त केलं. पुढे चार महिने आभाळात सूर्यच नव्हता तर खळं कुठलं. दिनानाथांनी निरोप पाठवला की काही नोंद? अष्टमकरांनी कळवलं की मंडपवाला, आचारी आणि प्रार्थनेला लागणारे दहा पुरुष गोळा करण्यात गुंतलो आहे. रोहा-अष्टमीत आता त्यांच्याशिवाय ज्यूंचं दुसरं घर उरलं नव्हतं. पनवेल, अलिबाग, ठाणे अशी माणसं जमवावी लागत होती. मंडपाची मुदत वाढवून घ्यायला ते ऋत्विककडे गेले तेव्हा तो नुसता हसला.

मेंदी सोमवारी गच्चीवर झाली. खराखुरा मंडप, पिवळं-तांबडं कापड, खाली खुर्च्या, पोह्यांचा गोड मलिदा केलेला. नथानियल आला होता. उंच, लाजाळू, आणि भांडायला कारण नसल्याने फारसं न बोलणारा. शीराच्या दोन्ही हातांना मेंदी लावून झाली, तेव्हा चहा आला. साराला पाहुण्यांतून सवड नव्हती. अष्टमकर लेकीशेजारी बसले आणि कप तिच्या ओठांना लावून तिला चहा पाजू लागले. चहा फार गरम होता, म्हणून बशीत ओतून, फुंकून, घोट घोट.

तेवढ्यात रस्त्यावरून गलका ऐकू आला. दिनानाथही पाहुण्यांत होते, ते तंबाखू खायला खाली उतरले होते. ते जिना चढून धापा टाकत वर आले आणि मंडपाच्या तोंडाशी उभे राहिले. सूर्याला पूर्ण खळं पडलं होतं. दोन्ही बाजूंना प्रतिसूर्य होते आणि वर एक उलटी कमान. असं मी पंचवीस वर्षांत पाहिलं नाही, असं ते म्हणाले आणि परत खाली निघाले, कारण मंडपाबाहेर कठड्यापाशी एका माणसापुरतीच जागा होती. त्यांच्यामागे खुर्च्या सरकल्या, आत्यामावश्या उठल्या, आचारी झारा हातात घेऊन गेला, मेंदीवाली गेली, नथानियलही गेला. मंडपात बापलेक उरले.

अष्टमकरांनी वर पाहिलं. वर पिवळं-तांबडं कापड होतं आणि त्यातून उजेड येत होता.

"पप्पा, जा ना," शीरा म्हणाली. "मी नंतर पिते."

"गार होईल," अष्टमकर म्हणाले, आणि बशी पुन्हा तिच्या ओठांपाशी धरली.

ती पीत राहिली. तिने घाई केली असती तर त्यांनी होऊ दिली नसती. चहा संपला, त्यांनी रुमालाने तिचे ओठ पुसले, कपबशी नीट खाली ठेवली, आणि मग गच्चीच्या कठड्यापाशी गेले. ढग दाट झाले होते. सूर्य पुसलेल्या पाटीवरच्या खडूसारखा दिसत होता. माणसं हळूहळू वर परतत होती आणि जो तो आपला मोबाइल त्यांच्यापुढे धरत होता.

दिनानाथ शेवटी आले. नोंद तुमच्या नावाने करतो, म्हणाले, गच्ची तुमची, कार्य तुमचं. अष्टमकरांनी नकाराची मान हलवली. मोजणीच्या वेळी जो जागेवर हजर नाही त्याचं नाव पंचांत घालत नाहीत, असं त्यांनी सांगितलं. मग रोह्यातून कुणाचं घालू? जे हजर होते त्यांचं. सगळ्यांत आधी रस्त्यावर गेलेल्या शांतीबाई होत्या. त्यांना विचारलं, काय पाहिलंत? त्यांनी लाजत सांगितलं की सूर्याच्या दोनी बाजूंना पिल्लं बसलेली. दिनानाथांनी तसंच लिहून घेतलं. त्या दिवसापासून पेणच्या गटात रोह्याच्या निरीक्षक शांतीबाई आहेत, आणि त्या आठवड्यातून एकदा अष्टमकरांना विचारतात की अजून काय काय बघायचं असतं.

मंगळवारी पेणला लग्न लागलं. दहा पुरुष आले होते, अकरावाही आला. सगळं आटोपून माणसं सिनेगॉगच्या दारातून बाहेर पडायला लागली, तेव्हा अष्टमकर साराच्या मागून निघाले. आभाळ स्वच्छ निळं होतं. सवयीने त्यांचा हात वर गेला, वीत पसरली, आणि मान मागे गेली.

सारा पुढे होती. तिने वळून बघितलंही नाही.

"अहो," ती म्हणाली, "खाली बघा. पायरी आहे."

त्यांनी खाली पाहिलं. पायरी होती.